बुटांच्या नाड्या

रक्तदाब ठीक. ठोके ठीक. बोटावरची चिमटी म्हणते ब्याण्णव,
म्हणजे या वयाला चालेल असं.
एलिओदोरो नावेलकिन, वय एकाहत्तर,
"मला काही झालेलं नाही, हिनं ओढून आणलं,"
असं तीनदा म्हणाले.
तिन्ही वेळा वाक्याच्या मधोमध श्वास घेतला.

मी फॉर्म भरत होते. पेन थांबलं ते बुटांपाशी.
नाड्या सुटलेल्या.
चिलोएच्या या टोकाला, जन्मभर होडीवर गाठी मारलेला माणूस
नाड्या सोडून दवाखान्यात येत नाही.
कुठेतरी पाणी मुरत होतं.

मोजा खाली केला. नडगीवर अंगठा दाबला, पाच मोजले.
उचलला, तर खड्डा तिथेच,
भरून यायची कसलीच घाई नसलेला.
"झोप कशी?"
"छान."
"कुठे झोपता?"
ते खिडकीकडे बघायला लागले.
"खुर्चीत," दोरिलाबाई म्हणाल्या, "चुलीपाशी. सान हुआनच्या सणापासून."

कास्त्रोच्या डॉक्टरांना फोन लावला.
"आकडे तर बरे दिसतात," ते म्हणाले.
"आकडे बरे आहेत," मी म्हटलं, "माणूस बरा नाही."
थोडा वेळ गेला. मग त्यांनी इंजेक्शन सांगितलं.

दुपारपर्यंत चार वेळा लघवी, आणि चेहऱ्यावर थोडा रंग.
खरं काम इथून पुढे.

सान्तियागोहून आलेलं पत्रक आहे माझ्याकडे:
लालचुटुक हृदय, हिरवं सॅलड,
आणि एक जोडपं, इतकं हसणारं
की या बेटावर त्यांना कुणी उधार देणार नाही.
एलिओदोरोंनी त्याची चार वेळा घडी घातली.
चार घड्यांचा कागद पुन्हा उघडत नाही, हे मला ठाऊक आहे.

मी बोलत राहिले. मीठ कमी. रोज सकाळी वजन.
तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच फोन.
ते मान हलवत होते. त्याही.
ओतिलिया बार्रियाही अशीच हलवायची मान,
आणि तिन्ही वेळच्या गोळ्या रात्री एकदम घ्यायची,
विसरायला नको म्हणून.
तिला मी शिकवलं होतं. वहीत तशी नोंदही आहे माझी.

म्हणून म्हटलं, "आता तुम्ही शिकवा.
समजा, मी आजच आलेय, मला काही येत नाही."

ते हसले, हसताना खोकले, मग म्हणाले,
"घराखालचे खांब बघितलेत ना आमचे?
भरती कुठवर चढली ते खांब सांगतो.
आधी घोटा. मग नडगी.
आणखी चढली की फळ्यांतून घरात.
घरात पाणी आल्यावर माणूस झोपणार कुठे?
खुर्चीत."

बारा वर्षं मी हे सांगतेय. असं सांगता आलं नव्हतं.

"आणि मीठ?"
दोघं एकमेकांकडे बघेनात.
चुलीवर टांगलेल्या धुरातल्या शिंपल्यांच्या माळा
मधे येऊन लोंबकळल्या.
"शरीर खाल्ल्या मिठाला जागतं," मी म्हटलं,
"पाणी धरून ठेवतं, सोडत नाही."
"रात्रभर भिजवीन," दोरिलाबाई म्हणाल्या, "पाणी फेकून देईन."
तेवढ्यानं किती मीठ जातं, मला माहीत नाही.
तसंच सांगितलं. विचारून कळवते म्हटलं.

घरात वजनकाटा नाही. आकड्याचा आहे, माशांचा,
त्याला माणूस टांगता येत नाही.
पण सहकारी सोसायटीच्या धक्क्यावर मोठा काटा आहे.
"न्याहारीआधी जाईन," ते म्हणाले,
"शिंपल्यांच्या गोण्या झाल्या की माझा नंबर."

नवव्या दिवशी, सकाळी सातच्या आत, फोन.
"एक किलो आठशे वाढलंय. दोन नाही.
करू का फोन?"
"केलात की."
"हो, केला."
"पायात काय घातलंय?"
"रबरी बूट. नाड्याच नाहीत त्याला."
"मग काढा. मोजा खाली करा.
अंगठा दाबा, पाच मोजा."

रिसीव्हर फळीवर ठेवल्याचा आवाज.
लांब कुठेतरी गोण्या ओढताहेत.
इकडे मीही मोजतेय.